हाड आपलं आपण जुळतं

अस्थिरोग वॉर्डात एक प्रश्न रोज विचारला जातो. ऑपरेशन झालेलं असतं, एक्स-रेत प्लेट आणि सात-आठ स्क्रू ठळक दिसत असतात, टाकेही निघालेले असतात, आणि डॉक्टर सांगतात की अजून सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. पेशंटचा भाऊ किंवा मुलगा विचारतो, “प्लेट टाकलीय ना डॉक्टर? हाड जोडलंय. मग टेकवायचा का नाही?” राउंड घाईत असतो. “सांगितलंय तेवढं करा,” म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात.

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर सांगायला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं आपल्या रुग्णालयांत कुणाकडे नसतात. प्लेटनं हाड जोडलेलं नसतं, नुसतं धरून ठेवलेलं असतं. जोडण्याचं काम त्या दिवशी जेमतेम सुरू झालेलं असतं आणि ते सर्जन करत नाही की स्टीलही करत नाही. ते मोडलेलं हाडच करतं. अस्थिशल्यचिकित्सेचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यातले सगळे मोठे वाद एकाच मुद्द्याभोवती फिरताना दिसतात. हाडाला त्याचं काम करता यावं म्हणून आपण किती हात घालायचा, त्याला किती स्थिर ठेवायचं आणि किती हलू द्यायचं?

आधी हाड काय करतं ते पाहू. हाड मोडतं तेव्हा त्याच्या आतल्या मज्जेतल्या, वरच्या पातळ आवरणातल्या आणि भोवतीच्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या फाटतात. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर एक थेंब न दिसता आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. म्हणूनच अपघातानंतर मांडी सुजलेला माणूस पांढराफटक पडतो. हे रक्त मोडलेल्या टोकांभोवती गोठतं. ही गुठळी म्हणजे नुसती घाण नव्हे, तिच्यातूनच दुरुस्तीची हाक जाते. पेशी गोळा होतात, मेलेले तुकडे साफ करायला लागतात, नव्या केशवाहिन्या आत शिरतात. दोन-तीन आठवड्यांत टोकांभोवती मऊ, रबरासारखा भरावा तयार होतो. त्यात तंतू असतात आणि कूर्चाही असते. डॉक्टर याला कॅलस म्हणतात. हळूहळू त्यात क्षार बसत जातात, कूर्चेची जागा कच्चं हाड घेतं आणि एक्स-रेत मोडीभोवती ढगासारखी पांढरी सावली दिसू लागते. ती दिसली की ओपीडीतल्या डॉक्टरांचा चेहरा बदलतो. हे कच्चं हाड ओबडधोबड असतं, जरुरीपेक्षा जास्त असतं. मग हाड खाणाऱ्या आणि हाड घालणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं ते कोरत राहतात. जिथून वजन जातं तिथलं हाड ठेवलं जातं, बाकीचं काढलं जातं. भाराप्रमाणे हाड आपली रचना बदलतं हे जर्मन शल्यतज्ज्ञ युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं, आणि तपशिलात बरीच दुरुस्ती होऊनही तो नियम आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

शरीरातल्या फार थोड्या गोष्टी अशा भरून येतात. त्वचा कापली तर व्रण राहतो, हृदयाचा स्नायू मेला तर त्या जागी चिवट तंतू येतात. हाड मात्र पुन्हा हाडच होतं. लहान मुलांत तर मनगटाजवळ वाकडं जुळलेलं हाड वाढता वाढता सरळ होतं आणि दोन-तीन वर्षांनी एक्स-रेत मोड कुठे होती हे शोधावं लागतं. मुलांनाही एक सवलत मात्र मिळत नाही. हाड पिळलेल्या स्थितीत जुळलं तर तो पीळ आपोआप जवळजवळ सुटतच नाही. म्हणून “लहान आहे, सगळं सरळ होईल” हा दिलासा अर्धाच खरा आहे.

एवढं सामर्थ्य असूनही काही हाडं जुळत नाहीत. बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं. एकतर तिथे रक्त पोहोचत नाही, नाहीतर तिथली हालचाल चुकीची असते. दोन्ही एकत्र आली की मग वर्षानुवर्षं दवाखान्याच्या चकरा.

रक्ताचं गणित जागेप्रमाणे बदलतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात एक छोटं होडीच्या आकाराचं हाड असतं. त्याला रक्त बोटांच्या बाजूनं उलटं येतं. ते मधोमध मोडलं की कोपराकडचा अर्धा तुकडा उपाशी राहतो. हातावर पडलेल्या तरुणाला “मुरगळलंय” म्हणून तेल लावून पाठवतात आणि वर्षभरानं मनगट दुखत राहतं, ते अनेकदा याच हाडामुळे. खुब्याच्या सांध्याजवळ मांडीच्या हाडाची मान मोडली तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. तिथून चार बोटं खाली मोडलं तर भोवती भरपूर स्नायू आणि रक्त असल्यामुळे हाड सहसा जुळतंच. नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागात हाडावर नुसती कातडी असते, स्नायूंचं पांघरूण नसतं. तिथली मोड रेंगाळते आणि कातडी फाटली तर हाड उघडंच पडतं.

हालचालीचं गणित समजायला फार उशीर लागला. ते स्वच्छ मांडलं दाव्होसच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या स्टीफन पेरेन या स्विस संशोधकानं, १९७० च्या दशकात. मोडीच्या फटीत जे ऊतक असतं ते किती ताणलं तर फाटतं, हा त्यांचा प्रश्न होता. सुरुवातीचं मऊ, रक्तवाहिन्यांनी भरलेलं ऊतक दुप्पट ताणलं तरी टिकतं. कूर्चा साधारण दहा टक्क्यांपर्यंत सहन करते. पक्कं हाड जेमतेम दोन टक्के. म्हणजे जिथे फार हलतं तिथे हाड तयार होणं शक्यच नाही, ते तयार होता होताच तुटेल. शरीर यावर जो मार्ग काढतं तो मला विलक्षण वाटतो. ते आधी मऊ भरावा घालतं. त्या भराव्यामुळे हालचाल थोडी कमी होते. कमी झालेल्या हालचालीत कूर्चा तग धरू शकते. कूर्चेनं हालचाल आणखी घटते आणि मग कुठे हाड उभं राहतं. पुढच्या ऊतकाला जगता यावं एवढं स्थैर्य प्रत्येक वेळी आधीचं ऊतक तयार करून देतं. यातून एक उलटं वाटणारं सत्यही निघालं. फट एक मिलिमीटरची असेल आणि टोकं अर्धा मिलिमीटर हलत असतील तर ऊतक पन्नास टक्के ताणलं जातं. तेवढीच हालचाल दहा मिलिमीटरच्या चुऱ्यात वाटली गेली तर ताण पाच टक्क्यांवर येतो. म्हणून प्लेट बसवूनही राहून गेलेली आणि हलणारी बारीक फट एखाद्या चुराडा झालेल्या मोडीपेक्षा जास्त त्रास देते.

पट्टी किती आवळायची, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. हाडाच्या मोडीचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार त्यात सांगितले आहेत. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या बांधाव्यात, बांधणी ढिली झाली तर सांधा स्थिर होत नाही आणि घट्ट झाली तर सूज, वेदना आणि पू होतो, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. थंडीत सात दिवसांनी, साधारण हवेत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बांधणी सोडून पाहायची. तरुण वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि म्हातारपणी तिप्पट वेळ लागतो हेही नोंदवलेलं आहे. ज्यानं हे लिहिलं त्यानं अनेक मोडी स्वतः हाताळल्या असणार, ऐकीव माहितीवर हे लिहिता येत नाही.

हाड बसवण्याची कला जगभर पदवीच्या बाहेरच वाढली. इंग्लंडमधल्या अस्थिशल्यचिकित्सेचा पाया घालणारा ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हा वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या हाडवैद्यांच्या घराण्यातला. वडील लिव्हरपूलमध्ये हाडं बसवायचे. डॉक्टरांनी त्यांना कोर्टात खेचलं, तेव्हा वडिलांनी ठरवलं की मुलांना वैद्यकीची रीतसर पदवी द्यायची, आणि पाचही मुलांना डॉक्टर केलं. थॉमस रविवारी गोदी कामगारांना फुकट तपासायचा. मोडलेल्या हाडाला विश्रांती हवी आणि ती सक्तीची, अखंड आणि दीर्घ हवी, हा त्याचा आग्रह होता. पाय ताणून धरणारी लोखंडी कड्याची एक साधी पट्टी त्यानं केली. थॉमस स्प्लिंट. पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स यानं ती ब्रिटिश सैन्यात आणली. त्याआधी मांडीला गोळी लागून हाड मोडलेले सैनिक मोठ्या संख्येनं मरत. स्ट्रेचरवर हलणारी टोकं आतून रक्त वाहवत ठेवायची. खंदकातच पट्टी बांधली जाऊ लागली आणि मृत्यूंचं प्रमाण कित्येक पटींनी घटलं. आज आपल्या जिल्हा रुग्णालयात रात्री मांडी मोडलेला माणूस आला की सिस्टर कपाटातून जी कड्याची पट्टी काढतात ती हीच.

विश्रांतीची किंमत मात्र जबर होती. तीन-तीन महिने ट्रॅक्शनवर किंवा प्लास्टरात राहिलेल्या माणसाचं हाड जुळायचं, पण गुडघा लाकूड व्हायचा, स्नायू वाळायचे, पाठीला शय्याव्रण व्हायचे. हाड वाचलं आणि पाय गेला, अशी ही अवस्था. त्याविरुद्ध उठाव दोन बाजूंनी झाला.

पहिला जर्मनीत. कील इथल्या गेरहार्ट क्युंचर यांनी १९३९ साली मांडीच्या हाडाच्या पोकळीतून एक लांब खिळा ठोकला आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या सभेत तो दाखवला. मज्जेची नासाडी करणारी ही पद्धत हाडच मारेल असं अनेकांना वाटलं. मग युद्ध संपलं आणि जर्मन कैदेतून सुटलेले सैनिक मायदेशी आले. त्यांच्या मांडीत सबंध लांबीचा धातूचा दांडा पाहून तिथले डॉक्टर चकित झाले. माणसं तर चालत होती! आज आपण ज्याला ‘रॉड घातला’ म्हणतो त्याचं मूळ हे.

दुसरा उठाव स्वित्झर्लंडमध्ये, त्याची ठिणगी मात्र बेल्जियमची. ब्रसेल्सच्या रोबेर दानीस यांनी प्लेट आणि स्क्रूनं हाडाची टोकं एकमेकांवर दाबून बसवली आणि पाहिलं, की अशा ठिकाणी कॅलस येतच नाही. हाड थेट हाडाला मिळतं. मॉरिस म्युलर हा तरुण स्विस सर्जन त्यांना भेटून भारावून गेला. ६ नोव्हेंबर १९५८ रोजी बील या गावी तो आणि त्याचे सहकारी मिळून तेरा सर्जनांनी एक अभ्यासगट स्थापन केला. जगभर तो ‘एओ’ या दोन अक्षरांनी ओळखला जातो. त्यांची चार सूत्रं भारतातलाही प्रत्येक अस्थिरोग निवासी डॉक्टर आजतागायत पाठ म्हणतो: तुकडे मूळ जागी बसवा, पक्के धरा, रक्तपुरवठा जपा, आणि लवकर हालचाल सुरू करा. या गटानं नुसत्या प्लेटा केल्या नाहीत, प्रत्येक ऑपरेशनची नोंद ठेवायची शिस्त लावली आणि दाव्होसला प्रशिक्षणवर्ग सुरू केले. गुडघे लाकूड होणं थांबलं.

पण चार सूत्रांतलं तिसरं सूत्र मागे पडलं. तुकडा न् तुकडा जागेवर बसवायच्या ध्यासात सर्जन मोठी चीर घेत, हाडावरचं आवरण खरवडून काढत, प्रत्येक कपचीला स्क्रू मारत. ऑपरेशननंतरचा एक्स-रे चित्रासारखा दिसायचा आणि आतले तुकडे रक्तावाचून मेलेले असायचे. मग जंतुसंसर्ग, मग न जुळणं, मग प्लेट तुटणं. प्लेट तुटल्यावर पेशंटच्या घरचे म्हणतात, “माल हलका वापरला.” तसं कधी असेलही. पण लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी तुटते, तशी हाड न जुळलेल्या पायात पावलागणिक वाकणारी उत्तमातली उत्तम प्लेटही शेवटी तुटतेच. प्लेट टाकल्या दिवसापासून शर्यत सुरू झालेली असते: हाड आधी जुळतं की धातू आधी थकतो? “सहा आठवडे टेकवू नका” या वाक्याचा अर्थ एवढाच, की या शर्यतीत हाडाला पुढे जाऊ द्या.

हे सगळं पश्चिमेत चाललेलं असताना, उरल पर्वतापलीकडे, जिथे धड उपकरणंही मिळत नव्हती अशा ठिकाणी, एक माणूस वेगळ्याच दिशेनं विचार करत होता.

गाव्रिल अब्रामोविच इलिझारोव्ह यांचा जन्म १९२१ चा. बालपण कॉकेशसच्या पायथ्याशी, अझरबैजानात, गरिबीत गेलं. युद्धाच्या धामधुमीत वैद्यकीय शिक्षण पुरं करून १९४४ साली ते पश्चिम सायबेरियातल्या कुर्गान प्रांतात दोलगोव्का नावाच्या खेड्यात डॉक्टर म्हणून गेले. बाळंतपणापासून दात काढण्यापर्यंत सगळं एकट्यानं. आणि समोर रांगेत युद्धावरून परतलेली माणसं: न जुळलेली हाडं, वर्षानुवर्षं पू वाहणाऱ्या नडग्या, आखूड झालेले पाय. पेनिसिलिन दुर्मीळ. पाय कापणं हाच रूढ उपाय.

१९५१ च्या सुमारास त्यांनी एक सांगाडा तयार केला. पायाभोवती धातूच्या गोल कड्या. हाडातून आरपार गेलेल्या, दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या ताणलेल्या तारा. त्या तारा कड्यांना बांधलेल्या, आणि कड्या एकमेकींना आटे असलेल्या दांड्यांनी जोडलेल्या. नट फिरवला की कड्या जवळ येतात किंवा लांब जातात. मोडीच्या जागेला हात न लावता, आवरण न सोलता, हाड बाहेरून धरलं जातं. ताणलेल्या तारा किंचित लवतात, त्यामुळे चालताना हाडाच्या टोकांवर उभा दाब येतो, पण ती आडवी सरकत नाहीत. पेशंटनं पहिल्या काही दिवसांतच पाय टेकवून चालावं असा इलिझारोव्ह यांचा आग्रह असे.

पुढचा शोध असा लागला म्हणून सांगतात: एका पेशंटनं टोकं जवळ आणण्यासाठी नट फिरवायचा तो चुकून उलटा फिरवला. फट वाढत गेली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा त्या फटीत नवं हाड दिसलं. गोष्ट किती खरी कोण जाणे, पण त्यानंतरचं काम मात्र काटेकोर आहे. इलिझारोव्ह यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढलं तर हाड वेळेआधी पक्कं होऊन पुढे सरकेना, दोन मिलिमीटर ओढलं तर मधलं ऊतक फाटून हाड धरेना. एक मिलिमीटर बरोबर. तोही एकदम नाही. पाव पाव मिलिमीटर, दिवसातून चार वेळा. हाड कापल्यावर पाच-सात दिवस थांबायचं, मग ओढायला लागायचं. हाडाबरोबर स्नायू, नसा, रक्तवाहिन्या, कातडी सगळं वाढतं. ताणाखाली जिवंत ऊतक नवं घडवतं हा नियम त्यांनी मांडला. हाडाला फक्त स्थैर्य हवं असतं या समजुतीला त्यानं कायमचा तडा गेला.

मॉस्कोच्या प्राध्यापकांनी या प्रांतीय डॉक्टरला दीर्घ काळ किंमत दिली नाही. ती मिळवून दिली पेशंटांनी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक मिळवणारा, २.२८ मीटरचा विश्वविक्रम नावावर असणारा वालेरी ब्रुमेल १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात सापडला. उजव्या नडगीचा चुरा झाला. तीन वर्षं ऑपरेशनांमागून ऑपरेशनं झाली, हाड जुळलं नाही. १९६८ मध्ये तो कुर्गानला इलिझारोव्ह यांच्याकडे गेला आणि नंतर पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारून त्यानं दाखवली. १९७१ मध्ये कुर्गानला खास संस्था उभी राहिली. पोलादी पडद्याबाहेर ही विद्या नेली कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकानं. १९५८ साली वॉल्टर बोनात्तीबरोबर काराकोरममधल्या गाशेरब्रूम-४ या शिखरावर पहिलं पाऊल ठेवणारा हा माणूस पुढे बर्फावर पडून नडगी मोडून घेतो, ती नीट जुळत नाही, आणि तशाच पायानं तो थॉर हायरडालच्या ‘रा’ या पपायरसच्या बोटीवर अटलांटिकमध्ये जातो. त्या बोटीवर सोव्हिएत डॉक्टर युरी सेंकेविच होते. या ओळखीतून माउरी १९८० साली कुर्गानला पोहोचला आणि बरा होऊन परतला. त्याचे इटालियन डॉक्टर थक्क झाले. १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोव्ह यांना बेलाज्जोला व्याख्यानासाठी बोलावलं. तीस वर्षं जुनं झालेलं तंत्र पश्चिमेनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

भारतात ते १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरलं आणि इथे त्याची गरज कुणाहीपेक्षा जास्त होती. आपल्या रस्त्यांवर दुचाकीवरून पडलेल्या माणसाची नडगी मोडते, कातडी फाटते, जखमेत माती-डांबर जातं. दूषित, मेलेलं चार-पाच सेंटिमीटर हाड काढून टाकायची वेळ आली तर तेवढी जागा भरायची कशानं? रिंग, म्हणजे तोच कड्यांचा सांगाडा, लावायची, वरच्या बाजूला हाड कापायचं, आणि तो तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवत न्यायचा. मागे नवं हाड तयार होत जातं. पाच सेंटिमीटरला पन्नास दिवस सरकवण्याचे, आणि नवं हाड पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक. सहा-आठ महिने माणूस कड्यांसकट जगतो. पायजम्याची एक बाजू उसवून नाड्या लावलेल्या, तारांच्या तोंडाशी रोज स्वच्छता, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र नट फिरवणं. हे नट पेशंट स्वतः फिरवतो, नाहीतर त्याची बायको, आई. या उपचारातला निम्मा सर्जन तोच असतो. ज्यांना हे पहिल्याच दिवशी बसवून समजावलेलं असतं ते शेवटापर्यंत टिकतात. ज्यांना नुसतं “रिंग लावू” एवढंच सांगितलेलं असतं ते तिसऱ्या महिन्यात “काढून टाका” म्हणू लागतात. मला यात पेशंटचा दोष दिसत नाही. सरकारी आरोग्य योजनेत ऑपरेशनचा खर्च भागतो, पण आठ महिन्यांची बुडालेली मजुरी कुणाच्याच हिशेबात नसते.

इलिझारोव्ह यांचा धडा इतरांनीही आपापल्या मार्गानं गिरवला. मायामीत ऑगस्तो सार्मिएन्तो नडगी मोडलेल्या पेशंटना आखूड प्लास्टर घालून चालवत होते. इंग्लंडमध्ये गुडशिप आणि केनराइट यांनी १९८५ साली मेंढ्यांवर दाखवलं की मोडीला दिवसातून सतरा मिनिटं, बेताची उभी हालचाल दिली तर ती पूर्ण स्थिर ठेवलेल्या मोडीपेक्षा चांगली जुळते. एओनं स्वतःचीच शिकवण तपासली, आणि हे मला त्या गटाचं सर्वांत मोठं काम वाटतं. १९९० च्या दशकापासून प्लेट लहान छेदातून, स्नायूंखालून सरकवली जाऊ लागली. मधला चुरा तसाच राहू द्यायचा, फक्त लांबी, सरळपणा आणि पीळ सांभाळायचा. सांध्याच्या आतली मोड मात्र अजूनही तंतोतंत बसवावी लागते, कारण तिथे पायरी राहिली तर सांधा झिजतो. म्हणजे नडगीच्या मधोमध एक नियम आणि चार इंच वर गुडघ्यात दुसरा. ऑपरेशननंतरचा एक्स-रे ‘वाकडातिकडा’ दिसला म्हणून डॉक्टर बदलण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आपल्याकडच्या काही गोष्टींबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे.

कातडी फाटून हाड दिसत असेल तर वेळ मोलाचा आहे. हळद, चुना, पेट्रोल काहीही लावू नये. स्वच्छ फडक्यानं झाकायचं, पाय आहे तसा एखाद्या फळीला बांधायचा आणि रुग्णालय गाठायचं. पहिलं प्रतिजैविक जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली सापडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या उघड्या नडगीवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. एरवी असा पाय कापलाच जायचा, तो वाचला. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलनं अशा उघड्या जखमांसाठी गुणांकनाची पद्धत तयार केली आहे आणि पाय वाचवायचा की नाही हे ठरवताना ती परदेशातही वापरली जाते.

तालमीतला वस्ताद निखळलेला खांदा बसवतो, गावचा हाडवैद्य बांबूच्या कामट्या लावतो. त्यातल्या अनेकांच्या हातात खरं कौशल्य असतं आणि गरिबाला परवडणारं तेच असतं. थॉमसच्या घराण्याची गोष्ट आठवली तर त्यांना हिणवायचं कारण उरत नाही. पण घट्ट बांधलेल्या पट्टीनं हात गेलेली मुलं आपल्या रुग्णालयांत आजही येतात. पट्टी कुणीही बांधलेली असो, वैद्यानं की डॉक्टरनं, खूण एकच: वेदना कमी होण्याऐवजी वाढत जाते, बोटं सरळ करताना मूल किंचाळतं, बोटं बधिर होतात. सकाळची वाट पाहायची नाही. पट्टी त्याच क्षणी सैल करायची. आत कोंडलेल्या सुजेनं स्नायू काही तासांत मरतात. १८८१ मध्ये फोल्कमान यांनी वर्णन केलेला तो आखडलेला हात नंतर कशानंही पूर्ववत होत नाही.

हाडसांधीच्या वेलाबद्दल नेहमी विचारलं जातं. बनारसला के. एन. उडुपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात उंदरांवर त्याचे प्रयोग केले आणि हाड लवकर भरतं असं त्यांना दिसलं. माणसांवर मात्र तितका भक्कम पुरावा नाही. वेल घ्यावा की नाही यापेक्षा तंबाखू सोडली की नाही, हे जास्त महत्त्वाचं. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धूम्रपान करणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. मिशरी आणि गुटख्यातही निकोटिनच असतं. पाया सूप प्यावं, चांगलं असतं, पण डाळ, अंडी, दूध आणि कोवळं ऊन यांची जागा ते घेत नाही.

आणि आजी. पंचाहत्तरीची आजी न्हाणीघरात घसरते, खुब्याचं हाड मोडतं, आणि घरात ठरतं, “वय झालंय, कशाला चिरफाड? पडून राहू दे.” माझं याबद्दल ठाम मत आहे. या मोडीत ऑपरेशन हाडासाठी करायचंच नसतं, ते माणूस उठून बसावा म्हणून करायचं असतं. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायातली गुठळी फुप्फुसात जाते. हाडापेक्षा खाट आधी जीव घेते. म्हणून शक्य तर दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करावं आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करावं. मान मोडून गोळ्याचं रक्त तुटलं असेल तर सर्जन जोडायच्या भानगडीत न पडता गोळाच बदलतात. हाड जुळण्याची वाट पाहायला आजीकडे वेळ नसतो. तिच्या बाबतीत हेच योग्य.

जुळलं हे कळतं कसं, तर दोन बाजूंनी काढलेल्या एक्स-रेत हाडाच्या चार कडा दिसतात, त्यांपैकी तीनवर पूल बांधला गेलेला असावा, आणि माणूस टेकवून चालताना मोडीच्या जागी दुखू नये. हाताला साधारण सहा आठवडे, पायाला बारा, मुलांना त्याच्या निम्मे, असा ढोबळ हिशेब आहे. उघड्या किंवा चुराडा झालेल्या मोडीला तो लागू पडत नाही.

राहिला प्रश्न प्लेट काढायची का हा. त्रास नसेल तर मोठ्या माणसांत बहुतेक वेळा ती तशीच ठेवतात. मुलांत, किंवा कातडीखाली टोचत असेल तर काढतात. काढली की स्क्रूच्या जागी भोकं राहतात आणि इतके दिवस भार प्लेटनं उचललेला असल्यामुळे त्याखालचं हाड थोडं विरळ झालेलं असतं. तरुण मुलं टाके निघाल्याबरोबर कबड्डीला किंवा पोलीस भरतीसाठी धावायला जातात आणि त्याच भोकातून हाड पुन्हा मोडून घेतात. चालायला हरकत नसते, पण धावणं, उडी, जड उचलणं हे डॉक्टर सांगतील तितके आठवडे बंद, साधारण दोन-तीन महिने. तेवढ्यात भोकं भरत येतात.